चार कोर, चार आकडे

(रामाकोना येथे गणेशोत्सवाच्या तिसऱ्या दिवशी सायंकाळी मंडपात दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)



पोळ्याचे बैल गोठ्यात जाऊन आठ दिवस होत नाहीत तोच बाप्पा मखरात बसतात. या दिवसांत मंडपात कीर्तन व्हावं, निदान एखादं नाट्यगीत तरी. कॉम्प्युटरच्या वेगाचे आकडे ऐकायला कोण येतं? पण कार्यकारिणीने आम्हाला उभं केलं त्याला कारण आहे. उन्हाळ्यात मंडळाच्या संगणक खोलीवरून जे झालं ते आपणापैकी निम्म्यांना अर्धवट माहीत आहे, आणि अर्धवट माहीत असलेली गोष्ट गावात कशी फिरते ते काही आम्ही सांगायला नको. म्हणून आम्ही दोघं नवरा-बायको ती पहिल्यापासून सांगतो. आमच्यापैकी एकाची नोकरी टेलिफोन खात्यात गेली, दुसरीची शाळेत गणित शिकवण्यात. दोघांनाही आकड्यांची खोड आहे.

आपल्या घरांचं इथलं राहणं जुनं. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून सौंसर भागात मराठी घरं आहेत. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. आता तर २०२३ पासून आपला जिल्हाही छिंदवाडा नाही, पांढुर्णा आहे. कागदावर पत्ता बदलतो, घर तिथंच राहतं. मुलांनी मात्र शिकायला बाहेर जावं लागतं, आणि बाहेर जायच्या आधी परीक्षा कॉम्प्युटरवर द्यावी लागते. एवढ्यासाठी मंडळाने वर्गणीतून दोन जुने, दुरुस्त करून विकलेले कॉम्प्युटर घेतले. घेऊन आला आपला एक तरुण कार्यकर्ता. त्याचं नाव इथं घेत नाही, त्याने तशी अट घातली आहे. संत्र्याच्या बागेतलं काम टाकून तो नागपूरला गेला, दोन दिवस दुकानं पालथी घातली, गाडीभाडं स्वतःच्या खिशातून दिलं आणि दोन्ही यंत्रांवर लिनक्स चढवून दिलं. लिनक्सला पैसे पडत नाहीत, हे वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाला लगेच पटलं.

अकरा महिने सगळं ठीक होतं. मग मे महिन्यात एक मुलगी ऑनलाइन सराव परीक्षा देत होती. वेळ लावून सोडवायचा पेपर. अर्ध्यावर कॉम्प्युटर असा मंदावला की प्रश्नावर बोट ठेवलं की पुढचं पान यायला बैलगाडी लागावी. तिचे बारा प्रश्न राहिले. पोरगी रडत घरी गेली आणि तिचे वडील तणतणत मंडळात आले.

नेमके त्याच आठवड्यात पुण्याहून एक पाहुणे आले होते, मोठ्या कंपनीत नोकरीला. त्यांनी काळ्या खिडकीत एक फाईल उघडून दाखवली. लिनक्समध्ये 'प्रॉक' नावाच्या कप्प्यात 'सीपीयूइन्फो' अशी एक फाईल असते, तिच्यात प्रोसेसरची जन्मपत्रिका दिसते. नावासमोर ३.२० गिगाहर्ट्झ, म्हणजे ३२०० मेगाहर्ट्झ लिहिलं होतं. आणि खाली चार कोरांपुढे चार वेगळे आकडे: ७९८, ११९७, ८००, २०४३. पाहुणे म्हणाले, "बत्तीसशे म्हणून आठशेचा माल गळ्यात मारलाय. फसवलं तुम्हाला." दुसऱ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर तीच फाईल पाहिली, तर तिथं चारही कोर ३१९२ च्या आसपास, सरळ रांगेत उभे. मग तर खात्रीच झाली. एक अस्सल, एक नकली.

पाहुणे दुसऱ्या दिवशी निघून गेले. त्यांचं वाक्य इथं राहिलं.

कार्यकारिणीची बैठक झाली. त्यात आम्हीही होतो, हे आधी सांगून टाकतो. दुकानदाराला कडक भाषेत पत्र लिहायचं ठरलं, ते पत्र आमच्याच हाताचं. आणि त्या पोराला विचारलं गेलं, की पावतीवरची रक्कम आणि मालाची किंमत जुळते का. कोणी सरळ चोर म्हटलं नाही. आपल्याकडे असं सरळ म्हणत नाहीत, पावती मागतात. त्याने पावती ठेवली, खोलीची किल्ली ठेवली आणि उठून गेला. पुढे दीड महिना तो मंडळाकडे फिरकला नाही. त्याची आई बाजारात भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "गुरुजी, बाई, काहून असं केलं जी?" त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर नव्हतं म्हणून वही काढली. तीन संध्याकाळी त्या कॉम्प्युटरपुढे बसून दर मिनिटाला चारही कोरांचा आकडा टिपायचा, असं ठरवलं. पहिल्याच संध्याकाळी वीस ओळी झाल्या आणि दोन ओळी सारख्या निघाल्या नाहीत. आठशे, सोळाशे, बाराशे, पुन्हा आठशे. आणि अकराव्या ओळीत तिसऱ्या कोरपुढे आकडा आला ३५९१.

तिथं आम्ही थांबलो. माल आठशेचा असेल, तर तो छत्तीसशेला टेकतो कसा? बत्तीसशेचा असेल, तरी छत्तीसशे कुठून आले? आठशेची बैलजोडी शर्यतीत एकदम साडेचारपट पळत नाही. म्हणजे आमची समजूतच कुठेतरी चुकत होती.

आता थोडं यंत्राबद्दल. ट्रॅक्टर बांधावर उभा असताना इंजिन संथ घुमतं. नांगर जमिनीत घातला की आवाज बदलतो. उभ्या ट्रॅक्टरचा आवाज ऐकून कोणी म्हणत नाही की विकणाऱ्याने लहान इंजिन बसवून दिलं. आजचा प्रोसेसर तसाच आहे. पूर्वी त्याचा ठेका एकच असे, काम असो वा नसो. पण त्यात वीज फार जाते. प्रोसेसरला लागणारी वीज ठेक्याच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. गणिताच्या बाई इथं असल्यामुळे हिशेब करूनच टाकतो: व्होल्टेज १ वरून ०.७ वर आणलं तर ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ०.४९. नुसत्या व्होल्टेजनेच वीज निम्म्यावर आली, शिवाय ठेका कमी केला त्याची बचत वेगळी. म्हणून काम नसलं की प्रोसेसर ठेका उतरवतो, आलं की चढवतो. सेकंदात अनेकदा. एखाद-दोन कोरांवरच भार असेल आणि अंग थंड असेल, तर पाटीवरच्या आकड्याच्याही वर जातो, त्याला टर्बो म्हणतात. आपला प्रोसेसर २०१३ च्या सुमाराचा, चार कोरचा इंटेल आय-फाइव्ह. खालची मर्यादा ८००, पाटीवर ३२००, टर्बो ३६००. आठशे हा त्याचा दोष नव्हता, ती त्याची डुलकी होती.

लिनक्समध्ये हा ठेका कोणत्या धोरणाने चढवायचा-उतरवायचा हे सांगणाऱ्या भागाला गव्हर्नर म्हणतात. राज्यपाल नव्हे, वाफेच्या इंजिनावर फिरणारे दोन गोळे वेग आवरायचे, त्यालाही गव्हर्नरच म्हणत. आमच्या यंत्रावर 'पॉवरसेव्ह' लिहिलेलं दिसलं आणि आम्ही घाबरलो, की आपण कंजूष धोरण लावून बसलो. पण या नावाने गोंधळ होतो. जुन्या पद्धतीच्या चालकात पॉवरसेव्ह म्हणजे खरोखर सर्वांत खालच्या ठेक्याला बांधून ठेवणं. इंटेलच्या नव्या चालकात त्याच नावाचा अर्थ गरजेप्रमाणे वरखाली करणं. शब्द तोच, वागणं निराळं.

आता आकडे प्रत्येक वेळी वेगळे का? त्यासाठी आपल्या छोट्या गाडीची आठवण काढू. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज २०१५ च्या अखेरीस बंद झाली, मागे बसलेल्या पोरांना ती आठवणार नाही. त्या गाडीत बसून आम्ही लहानपणी वेग काढायचो: तारेचे खांब मोजायचे, घड्याळ बघायचं. दोन खांबांमधला वेग निघायचा, पण तो सरासरी. मधल्या वळणावर गाडी किती मंदावली ते त्यात दिसत नसे. आणि एकाने रामाकोना स्टेशन सोडताना मोजलं, दुसऱ्याने सौंसरच्या अलीकडे मोजलं, तर दोघांचं भांडण व्हायचं आणि दोघंही खरे असायचे. प्रोसेसरच्या आतही असे दोन मोजणारे असतात. एक खऱ्या ठेक्याने चालतो, दुसरा ठरलेल्या ठेक्याने. दोन्ही किती पुढे सरकले त्याच्या गुणोत्तरावरून त्या अवधीतला सरासरी वेग निघतो. अवधी लहान घेतला तर एक आकडा, मोठा घेतला तर दुसरा.

शिवाय कोर झोपला की हे मोजणारेही थांबतात. गाढ झोपलेल्या कोरचा वेग विचारला तर लिनक्सची काही आवृत्ती मागचा शिळा आकडा सांगते, काही आवृत्ती गव्हर्नरने मागितलेला आकडा पुढे करते. २०१७ साली तर लागोपाठच्या आवृत्त्यांत या एका ओळीचा अर्थच बदलला आणि मग पुन्हा बदलला. म्हणून दोन आज्ञा दोन उत्तरं देतात. 'एलएससीपीयू' नावाची आज्ञा आहे, तिच्या जुन्या रूपात एकाच कोरचा आकडा संपूर्ण प्रोसेसरचा म्हणून छापला जाई. आणि 'बोगोमिप्स' म्हणून एक ओळ असते, आपल्याकडे तिथं साधारण ६४०० दिसतं. बैठकीत एक सद्गृहस्थ म्हणाले, "अरे, मग हा तर दुप्पट वेगाचा आहे!" लिनक्स लिहिणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनेच या मापाच्या नावात 'बोगस' शब्द घातला आहे, आता आणखी काय सांगायचं.

एक गंमत मात्र आम्हाला सगळ्यांत आवडली. आपण वेग बघतो, त्या बघण्यानेच वेग बदलतो. कापूस वेचणीला चार बाया आहेत, दुपारी बाभळीखाली टेकल्या आहेत. मालक बांधावर आला की एक उठते आणि त्याला पाणी देते. मालकाला वाटतं, तीन आळशी आणि एक कामाची. तसं ती फाईल उघडायची आज्ञा चालवायलाही एका कोरला उठावं लागतं. आपल्याला त्याचाच आकडा मोठा दिसतो. पाहुण्यांना दिसलेले २०४३ हेच असावेत.

हे सगळं समजल्यावर दुसऱ्या संध्याकाळी आम्ही खूश होतो. यंत्र निर्दोष, पोरगा निर्दोष. पण गणिताच्या बाई म्हणाल्या, "मग ती पोरगी का रडली?" खरंच की. आकडे वरखाली होणं स्वाभाविक आहे एवढं सिद्ध झालं होतं, पण पेपर अर्ध्यावर अडला होता हेही खरं होतं. एक शंका फिटली म्हणून दुसरी फिटत नाही.

तिसऱ्या संध्याकाळी नांगर जमिनीत घातला. लिनक्समध्ये 'येस' नावाची एक आज्ञा आहे, ती थांबवेपर्यंत नुसती वाय, वाय, वाय अशी हो म्हणत राहते. आपल्याकडे सभांना असे लोक मिळतात. तिचं बोलणं रद्दीच्या खड्ड्यात सोडायचं आणि अशा चार आज्ञा एकदम चालवायच्या, की चारही कोर पूर्ण कामाला लागतात. लावल्या. दुसऱ्या खिडकीत दर सेकंदाला आकडे बघत बसलो. चारही कोर चौतीसशेच्या आसपास गेले आणि तिथं टिकले. आम्ही टाळी वाजवायच्या बेतात होतो. दोन मिनिटं झाली, आणि चौघंही खाली यायला लागले. अठ्ठावीसशे, दोन हजार, बाराशे, पुन्हा थोडे वर, पुन्हा खाली. काम तर पूर्ण चालू, डुलकीचा प्रश्नच नाही. तापमान पाहिलं तर शंभर अंशांना टेकलेलं. कर्नलच्या नोंदवहीत ओळी येऊन पडल्या होत्या: कोरचं तापमान मर्यादेपलीकडे गेलं, ठेका आवरला. असं किती वेळा झालं त्याची मोजणीही लिनक्स प्रत्येक कोरच्या कप्प्यात ठेवतं. ती मोजणी आमच्या डोळ्यांदेखत वाढत होती.

म्हणजे एकाच फाईलमधले ८०० दोन प्रकारचे. एक रिकामा बसलेल्या यंत्राचा, तो आरोग्याचा. दुसरा कामात असताना उतरलेला, तो तापाचा. अंगावर काम आहे की नाही हे पाहिल्याशिवाय नुसत्या आकड्यावरून फरक कळत नाही, आणि पाहुण्यांनी काम न देताच नाडी पाहिली होती.

डबा उघडला. पंख्याखाली जी धातूची पाती असतात, उष्णता बाहेर टाकणारी, ती पांढऱ्या थराने बुजलेली. आधी वाटलं रस्त्याची धूळ. बोटाने ओढली तर लांबलचक लड निघाली. रुई! सौंसर भागात कापूस नवा नाही, पण संगणक खोलीत कापूस? मग वर पाहिलं. खोलीच्या मागच्या भिंतीला मंडळाच्या पाहुण्यांसाठीच्या तीस जुन्या गाद्या रचलेल्या. फाटक्या, दर लग्नसराईत ओढून काढायच्या आणि परत आपटायच्या. हा कॉम्प्युटर त्या थप्पीशेजारी जमिनीवर ठेवलेला, दुसरा खिडकीजवळ टेबलावर. तिथं ठेवायचं कोणी ठरवलं? आम्हीच. उन्हाळ्यात खोलीत तसेही चाळीस-बेचाळीस अंश, त्यात पंख्याच्या नाकात आपल्याच गाद्यांची रुई.

वीज बंद करून ब्रशने रुई काढली. प्रोसेसर आणि त्या पात्यांच्या मधे उष्णता वाहून नेणारी एक पेस्ट असते, ती वाळून खपली झाली होती. ती स्पिरिटने पुसून मसुराच्या दाण्याएवढी नवी लावली. फार लावू नये, लोण्यासारखी थापून उपयोग नाही. पुन्हा चार 'येस' लावले. वीस मिनिटं चौतीसशे, तापमान सत्तरीच्या घरात.

पण आकड्यांवरचा आमचा विश्वास एव्हाना उडाला होता. म्हणून काम मोजलं. गेल्या गणेशोत्सवाचे सगळे फोटो चारही कोरांवर लहान करायला दिले आणि घड्याळ लावलं. हाच उद्योग साफसफाईच्या आधी केला होता तेव्हा ११ मिनिटं लागली होती. आता ६ मिनिटं ८ सेकंद. मग तो दुसरा, अस्सल ठरवलेला, चारही आकडे रांगेत दाखवणारा कॉम्प्युटर घेतला. त्याला ६ मिनिटं ३० सेकंद लागली! चक्रावलो. त्याच्या बायोसमध्ये गेलो, तर वेग वरखाली करण्याची सोयच बंद करून ठेवलेली, आणि तिच्याबरोबर टर्बोही बंद. म्हणून त्याचे आकडे सारखे होते. रिकामा असतानाही तो बत्तीसशेने घुमत होता आणि विजेचं बिल मंडळाच्या नावावर वाढत होतं.

मोठ्या यंत्रांचंही असंच असतं. आपल्या विदर्भाचे, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली 'परम ८०००' बांधला, तो अनेक प्रोसेसर जोडून. अशा यंत्रांची जगभरची यादी १९९३ पासून निघते. ती यादी एकेका प्रोसेसरच्या मेगाहर्ट्झवरून लावत नाहीत. समीकरणांचा एक ठरलेला मोठा संच सोडवायला देतात आणि किती वेगाने सुटला ते पाहतात.

घरी ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांच्यासाठी एक-दोन गोष्टी. काही लॅपटॉप बाहेरचा चार्जर लावला की तो ओळखत नाहीत आणि काम कितीही असो, ठेका तळाला बांधून ठेवतात. तेव्हा आधी मूळ चार्जर लावून पाहा. इंटेलच्या २०२१ नंतरच्या बऱ्याच प्रोसेसरांत दोन जातींचे कोर असतात, काही दणकट आणि काही काटकसरी. त्यांचे आकडे कधीच जुळणार नाहीत, जुळवायला जाऊ नका. आपल्या खिशातल्या मोबाइलमध्येही असंच आहे. दुपारच्या उन्हात मोबाइल अडखळला तर आधी त्याला सावलीत ठेवा.

आता राहिलेलं. वही घेऊन आम्ही त्या मुलाच्या बागेत गेलो. त्याने झाडाखाली उभ्यानेच सगळी पानं पाहिली. ३५९१ च्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "हे मी त्या दिवशी सांगणार होतो, कोणी विचारलंच नाही." आम्ही माफी मागितली. तो 'ठीक आहे' म्हणाला नाही, पाणी मात्र दिलं. दुकानदाराला दुसरं पत्र गेलं, तेही आमच्याच हाताचं, पहिल्यापेक्षा लांब. बैठकीच्या इतिवृत्तात दुरुस्ती झाली आणि ती आज इथं वाचून दाखवावी असा ठराव झाला, तो मघाशी कार्यवाहांनी वाचला. ती मुलगी पावसाळ्यात पुन्हा सराव परीक्षेला बसली आणि पेपर वेळेत संपवून उठली. किल्ली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या मुलाने परत घेतली. काही बोलला नाही, येऊन खुंटीवरून काढली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो चार 'येस' लावून वीस मिनिटं आकडे टिपतो, आमचीच वही पुढे चालू आहे.

गाद्या मात्र अजून तिथंच आहेत. त्या कोणाच्या घरी ठेवायच्या, हा विषय कार्यकारिणीपुढे तीनदा येऊन गेला आहे.